पडलेल्या दुचाकीस्वाराचं हेल्मेट: कधी काढायचं, कसं काढायचं आणि तोवर काय करायचं

नाशिकच्या पाथर्डी फाट्यावर किंवा आडगाव नाक्यावर कुणी गाडीवरून पडलं की दोन मिनिटांत वीस माणसं गोळा होतात. मदत करायची इच्छा सगळ्यांचीच असते. एकजण पाण्याची बाटली आणतो, दुसरा काखेत हात घालून उठवून बसवतो, तिसरा ‘अहो गुदमरतोय तो, आधी हेल्मेट काढा’ म्हणत हनुवटीकडून हेल्मेट ओढतो. मानेचा मणका मोडलेला असेल, तर यातली कुठलीही एक गोष्ट त्या माणसाला जन्मभर अंथरुणाला खिळवू शकते. याच्या उलटही घडतं. ‘हेल्मेटला हात लावू नका, अँब्युलन्स येऊ द्या’ म्हणत सगळे लांब उभे राहतात आणि आतला माणूस स्वतःच्याच रक्ताने किंवा उलटीने गुदमरून जातो.

या दोन्ही चुका टाळण्यासाठी एक प्रश्न मनाशी पक्का धरा: या क्षणी त्याचं डोकं कुणाच्या हातात आहे? पुढची प्रत्येक पायरी याच प्रश्नाभोवती फिरते. डोकं एका हातातून दुसऱ्या हातात जाईल, पण मध्ये एक क्षणही ते कुणाच्याच हातात नाही असं होता कामा नये.

आधी रस्ता, मग माणूस

आपली गाडी जखमीच्या पुढे न लावता मागे, येणाऱ्या वाहनांच्या बाजूला, वीस-पंचवीस मीटरवर लावा आणि चारही इंडिकेटर चालू करा. एका माणसाला त्याहून मागे पाठवा. दिवसा त्याच्या हातात रंगीत कपडा हवा, रात्री मोबाईलची टॉर्च. वळणावर किंवा घाटात त्याने वळणाच्या अलीकडे उभं राहायचं. राहुड घाटात उतारावरून येणाऱ्या कांद्याच्या ट्रकला जागच्या जागी थांबता येत नाही. दगड-फांद्या ठेवून रस्ता अडवायची आपल्याकडे पद्धत आहे. ठेवायच्याच असतील तर निघताना उचलायची जबाबदारी एकावर सोपवा, नाहीतर रात्री त्याच दगडावरून पुढचा दुचाकीस्वार पडतो.

पडलेल्या गाडीची चावी बंद करा. पेट्रोल सांडलं असेल तर आसपास विडी-सिगारेट नको. सायलेन्सरखाली पाय अडकला असेल तर गाडी दोघांनी सरळ वर उचलायची, पायावरून फरफटत ओढायची नाही.

त्याच वेळी दुसऱ्याने १०८ लावायचा. ११२ वरूनही मदत मिळते आणि राष्ट्रीय महामार्गावर १०३३ चालतो. पत्ता सांगताना नाशिकमध्ये एक घोळ हमखास होतो. ‘द्वारकाजवळ, हायवेवर’ एवढ्यावर अँब्युलन्सला जागा सापडत नाही. उड्डाणपुलावर की खाली सर्व्हिस रोडवर, आणि मुंबईकडे जाणाऱ्या बाजूला की धुळ्याकडे, हे दोन्ही सांगा. पुलाच्या चुकीच्या बाजूला चढलेली गाडी वळून यायला बरीच मिनिटं खाते. कसाऱ्याला जुना घाट की नवा घाट हे आधी सांगा. सोबत जखमी किती, शुद्धीत आहेत का, श्वास चालू आहे का आणि कुणी अडकलंय का, एवढं सांगून झालं तरी समोरचा ठेवा म्हणेपर्यंत फोन ठेवू नका.

जवळ जाताना

जखमीच्या डोक्यामागून हाक मारली की तो वळून बघतो आणि मान फिरते. म्हणून पायांच्या बाजूने, त्याला दिसेल असं जा आणि जाता जाताच बोला: “दादा, हलू नका. मान आहे तशी ठेवा. आम्ही मदतीला आलोय.” बाई असेल तर ताई, मावशी म्हणा. आवाज शांत ठेवा. घाबरलेला माणूस ओळखीचं संबोधन ऐकलं की पुष्कळदा हातपाय झाडायचा थांबतो. खांद्यावर थोपटून प्रतिसाद बघा. गदागदा हलवणं, गालावर चापट्या, तोंडावर पाणी यांतलं काहीही नको.

तो बोलत असेल तर श्वासमार्ग तूर्तास मोकळा आहे. पहिला माणूस लगेच डोक्याकडे गुडघे टेकून बसतो, दोन्ही तळवे हेल्मेटच्या दोन्ही बाजूंना लावतो आणि बोटं खालच्या कडेवर आणून जबड्यापर्यंत पोचवतो. हेल्मेट आणि डोकं मिळून एकच वस्तू आहे असं समजून धरायचं. ओढायचं नाही, दाबायचं नाही. हेल्मेट आधीच उडून गेलं असेल तरी हेच: कानांच्या दोन्ही बाजूंनी डोकं धरायचं. हेल्मेट निघालं म्हणजे मानेची काळजी संपली, असा समज फार आढळतो आणि तो चुकीचा आहे.

दुसऱ्या माणसाने पायापर्यंत झरझर नजर फिरवायची. रक्ताची धार लागलेली असेल तर हेल्मेटच्या आधी ती थांबवा. मोठ्या माणसाच्या अंगात जेमतेम पाच लिटर रक्त असतं. स्वच्छ उपरणं, ओढणी, रुमाल जे मिळेल त्याची घट्ट घडी करून जखमेवर तळव्याने पूर्ण जोर देऊन दाबा आणि दहा मिनिटं उचलून बघू नका. घडी भिजली तर तिच्यावरच दुसरी ठेवा. हातापायाची धार दाबूनही थांबत नसेल तरच जखमेच्या चार-पाच बोटं वर, गुडघा-कोपर सोडून, किमान दोन इंच रुंद पट्टी बांधा. गाठीत काठी किंवा पाना घालून रक्त थांबेपर्यंत पिळा आणि बांधल्याची वेळ पेनाने त्याच्या कपाळावर लिहा. दोरी किंवा वायर नको, ती मांस कापते. एकदा बांधलेली पट्टी मध्येच सैल करून बघू नका.

काढायचं की ठेवायचं

हा निर्णय श्वासावर होतो. हेल्मेटची काच वर करा, गाल तोंडाजवळ न्या आणि दहा सेकंद बघा, ऐका, जाणवतंय का पाहा. मधूनच माशासारखा तोंड उघडून घेतलेला आचका हा श्वास नव्हे.

माणूस शुद्धीत आहे, बोलतोय, श्वास नीट आहे: हेल्मेट राहू द्या. काच उघडी, पट्टा सैल, डोकं धरलेलं. बाकी १०८ ची माणसं बघतील. तो स्वतःच हेल्मेट काढू लागला तर “थांबा दादा, आम्ही आहोत” म्हणून समजावा, पण हात धरून झटापट करू नका; त्या ओढाताणीत मान जास्त हलते.

श्वास नाही, किंवा घरघर येतेय, तोंडात रक्त-उलटी भरलीय आणि हेल्मेटमुळे तिथवर बोटं पोचत नाहीत: काढा, आणि लगेच काढा. मान दुखावेल या भीतीने श्वास अडलेला ठेवायचा नाही. मेंदूला प्राणवायू मिळाला नाही तर चार-पाच मिनिटांत नुकसान सुरू होतं, आणि १०८ नाशिकरोडवरून सिन्नर फाट्यापर्यंतही तेवढ्यात येईलच असं नाही.

मधली अवस्था सगळ्यात अवघड: बेशुद्ध आहे, पण श्वास चालतोय. पूर्ण तोंड झाकणारं हेल्मेट असेल तर उलटी झाल्यावर ती बाहेर पडायला जागा नसते आणि आत काय चाललंय ते दिसतही नाही. खालची पद्धत येणारी दोन माणसं असतील तर आमच्या मते काढावं. येत नसेल तर काच उघडून, एकाने डोकं धरून, दर मिनिटाला श्वास बघत थांबावं. तो बिघडला की मात्र वाट बघायची नाही. अर्ध्या हेल्मेटमध्ये तोंड उघडंच असतं, त्यामुळे श्वासासाठी ते काढायची गरज क्वचित पडते. पुढचा भाग वर उचलला जाणारं हेल्मेट असेल तर हनुवटीजवळचं बटण दाबून तो वर करा. बहुतेक वेळा तेवढ्याने काम होतं.

काढायच्या आधी काय काय सोडवायचं

नाशिकमध्ये हेल्मेटच्या आत बरंच काही असतं. उन्हाधुळीपायी बांधलेला स्कार्फ ही पहिली अडचण. मुली आणि आता कित्येक पुरुषही चेहऱ्यावरून दोन वेढे घेऊन मानेमागे गाठ मारतात आणि वरून हेल्मेट घालतात. ती गाठ तशीच ठेवून हेल्मेट ओढलं तर स्कार्फ हेल्मेटबरोबर वर सरकतो, नाकावर आवळतो आणि मान मागे खेचतो. हनुवटीखाली दोन बोटं घालून कापड गळ्यापासून वर उचला आणि तिथे कात्रीने कापा. गाठ शोधत बसू नका. चष्मा असेल तर काच उघडून काड्या सरळ पुढे ओढत काढा. मास्कची एक बाजू कापा. इअरफोनची तार, मानेवर आलेला क्लचर, मोठे डूल हाताला लागतात का बघा.

आता पट्टा. तीन प्रकार सापडतील. प्लास्टिकच्या क्लिपला लाल बटण असतं, ते दाबायचं. दातेरी पट्टीच्या क्लिपला छोटी पट्टी किंवा लाल दोरी असते, ती उचलून ओढायची. दोन लोखंडी कड्यांच्या पट्ट्यात खालच्या कड्याला अडकवलेली लाल फीत खाली ओढली की तो सैल होतो. पाच सेकंदांत सुटला नाही तर कापा: जबड्याच्या बाजूला, पट्ट्याखाली आपली दोन बोटं घालून, कात्रीचं बोथट टोक कातडीकडे ठेवून. गळ्याजवळ सुरी किंवा ब्लेड चालवू नका. काही महागड्या हेल्मेटमध्ये गालाच्या पॅडला खालून लाल फिती असतात. त्या सरळ ओढून दोन्ही पॅड बाहेर काढले तर हेल्मेट अर्धं सैल होतं.

पाठीवरच्या बॅगेकडे विशेष लक्ष द्या. घरपोच खाणं पोचवणाऱ्या मुलाची मोठी चौकोनी बॅग पाठीखाली असेल तर धड जमिनीपासून वर उचललेलं असतं आणि हेल्मेटच्या जाडीमुळे डोकंही वर असतं. हेल्मेट निघालं की डोकं एकदम मागे लटकतं. म्हणून एक जाड घडी आधीच हाताशी ठेवा; जितकी पोकळी राहील तितकी ती डोक्याखाली भरायची. बॅगेचे पट्टे खांद्यावर कापून ठेवा, पण बॅग ओढून काढू नका.

दोघांनी काढायची पद्धत

जखमी उताणा आहे. पहिला डोक्याकडे, हेल्मेट धरून. दुसरा छातीच्या बाजूला गुडघ्यावर. हुकूम पहिल्याने द्यायचे, दुसऱ्याने मध्ये बोलायचं नाही.

१. दुसरा काच उघडतो, चष्मा काढतो, स्कार्फ आणि पट्टा सोडवतो. तोवर पहिल्याचे हात जागेवरून हलत नाहीत.

२. दुसरा माणूस आपला एक हात जबड्यावर ठेवतो: अंगठा एका बाजूच्या जबड्याच्या कोनावर, बोटं दुसऱ्या बाजूच्या. गळा दाबला जाता कामा नये. दुसरा हात मानेखालून सरकवत डोक्याच्या मागच्या हाडाला टेकवायचा. या हाताचं कोपर आणि पुढचा हात जमिनीवर टेकलेला हवा. अधांतरी हात अर्ध्या मिनिटात थरथरायला लागतो आणि ती थरथर थेट मानेला लागते.

३. दुसरा मोठ्याने सांगतो, “धरलं.” हे ऐकल्याशिवाय पहिल्याने पकड सोडायची नाही. या शब्दानंतर डोक्याची मालकी दुसऱ्याकडे गेली.

४. पहिला हेल्मेटच्या खालच्या कडा दोन्ही हातांनी बाहेर ताणतो. हेल्मेटचं तोंड आतल्या पोकळीपेक्षा अरुंद असतं. न ताणता ओढलं तर कान दुमडतात, मोडलेलं गालाचं हाड चिरडतं, आणि ते अडकल्यामुळे माणूस आणखी जोर लावतो.

५. ताण तसाच ठेवून हेल्मेट आपल्याकडे किंचित मागे कलवायचं, म्हणजे हनुवटीसमोरची कड नाकाच्या वरून जाते. कलायचं फक्त हेल्मेटने. आतलं डोकं दुसऱ्याच्या हातात जिथल्या तिथे. नाक सुटलं की सरळ रेषेत, अगदी सावकाश ओढायचं.

६. साधारण अर्ध्यावर, डोक्याचा मागचा फुगीर भाग कडेत अडकू लागतो. इथे पहिल्याने थांबायचं. दुसरा खालचा हात वर सरकवून डोक्याचं जास्तीत जास्त वजन तळव्यात घेतो आणि पुन्हा म्हणतो, “धरलं.” सगळ्यात जास्त घात इथेच होतो: हेल्मेट एकदम निसटतं आणि डोकं पाच-सात सेंटिमीटर खाली आपटतं.

७. आता पहिला हेल्मेट उलट दिशेने, म्हणजे जखमीच्या चेहऱ्याकडे थोडं फिरवतो, साधारण तीस अंश, म्हणजे मागची कड डोक्याच्या गोलाईवरून सुटते. मग सरळ बाहेर.

८. हेल्मेट बाजूला ठेवून पहिला लगेच कानांच्या दोन्ही बाजूंनी डोकं धरतो आणि म्हणतो, “माझ्याकडे.” तेव्हाच दुसऱ्याने हात काढायचे. डोक्याखाली दोन-तीन सेंटिमीटरची घडी ठेवा, नाक आणि बेंबी एका रेषेत येईल अशी. लहान मुलाचं डोकं धडाच्या मानाने मोठं असतं, म्हणून त्याला घडी डोक्याऐवजी खांद्यांखाली.

न घाई करता एक मिनिटभर लागतो. कुठेही हेल्मेट अडलं, किंवा शुद्धीतल्या जखमीने मानेत कळ किंवा हातात मुंग्या सांगितल्या, तर आहात तिथेच थांबा. श्वास नीट असेल तर पुढचं अँब्युलन्सच्या माणसांवर सोडा.

एकटेच असाल आणि श्वास बंद असेल तर थांबायला वेळ नाही. डोक्याकडे बसा, पट्टा कापा, कडा ताणा, नाक सोडवा आणि सावकाश ओढा. डोकं सुटायच्या बेतात आलं की एक हात खाली सरकवून ते झेला. मान थोडी हलेल. श्वासासाठी ती किंमत द्यावी लागते.

हेल्मेट निघाल्यावर

तोंडात दिसतंय ते रक्त, दातांचे तुकडे, गुटखा बोटाने बाहेर काढा. न दिसणाऱ्या गोष्टीसाठी घशात बोट घालू नका. डोकं मागे न झुकवता दोन्ही बाजूंच्या जबड्याच्या कोनांमागे बोटं लावून जबडा वर, पुढे उचला. जीभ मागे पडलेली असते ती याने सुटते, आणि कित्येकदा एवढ्यानेच श्वास सुरू होतो. नाहीच झाला तर छातीच्या मधोमध दोन्ही तळवे एकावर एक ठेवून मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच-सहा सेंटिमीटर खोल दाबा आणि दर दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्या. तिसरा माणूस असेल तर तो हे काम हेल्मेट निघायची वाट न बघता सुरू करू शकतो.

श्वास आहे पण उलटी होतेय, तर कुशीवर वळवायचं, ओंडका वळवावा तसं: एकजण डोक्याशी, दोघं खांद्या-कमरेशी, एक पायांशी. डोक्याकडचा “तीन” म्हणेल तेव्हा सगळे एकदम. डोकं आधी आणि धड मागून असं झालं तर केलेली सगळी काळजी वाया जाते.

कान किंवा नाकातून पाण्यासारखा स्राव येत असेल तर बोळा कोंबू नका. पाणी, चहा, साखर काहीही देऊ नका. ऑपरेशन लागलं तर तेच फुप्फुसात जातं. मांडीचं हाड मोडलं तर लिटरभर रक्त आतल्या आत जातं आणि बाहेर थेंब दिसत नाही. माणूस पांढराफटक पडला, घाम गार लागला तर तेच समजा. पाय वर उचलू नका, मोडलेलं हाड सरळ करू नका. वरून घोंगडी, जॅकेट, पोतं काहीही पांघरा. डिसेंबरात निफाडकडच्या थंडीत रस्त्यावर पडलेला माणूस झपाट्याने गार होतो आणि गार रक्त नीट गोठत नाही.

संक्रांतीच्या आगेमागे नायलॉन मांजाने गळा चिरलेला दुचाकीस्वार हे येवला-नाशिकचं वेगळं संकट आहे. इथे हेल्मेट विसरा. जखमेवर घडी ठेवून बोटांनी थेट दाबा, फक्त चिरलेल्या बाजूला. गळ्याभोवती पट्टी गुंडाळू नका, श्वासनलिका आवळली जाते. मागे बसलेल्या बाईची ओढणी चाकात अडकून गळ्याला फास बसला असेल तर चाक फिरवून सोडवत बसू नका, ओढणी कापा.

हलवायची वेळ आलीच तर

अँब्युलन्स येणारच नसेल, उदाहरणार्थ पेठ रोडला रात्री रेंज नसलेल्या ठिकाणी, तर रिक्षात दुमडून बसवण्यापेक्षा द्राक्षाची पिकअप बरी. हौद्यात फळी किंवा दार, त्यावर ताडपत्री, माणूस सपाट, डोक्याशी एकजण धरून बसलेला, आणि ड्रायव्हरला ताकीद की खड्ड्यात वेग नको. हेल्मेट सोबत द्या. कुठल्या बाजूला किती पिचलंय यावरून डॉक्टरांना मार कळतो. अपघाताची वेळ, किती वेळ बेशुद्ध होता, किती उलट्या झाल्या, रक्त थांबवायची पट्टी कधी बांधली, एवढं सांगा.

पोलिसांच्या भीतीने मागे राहू नका. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १३४अ आलं. चांगल्या हेतूने मदत करणाऱ्यावर त्या मदतीबद्दल दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही आणि नाव सांगायची सक्ती करता येत नाही. २०२५ पासून अपघातग्रस्ताला ठरलेल्या रुग्णालयांत पहिले सात दिवस दीड लाख रुपयांपर्यंत विनारोख उपचारांची केंद्राची योजनाही लागू आहे. ‘पैसे कोण भरणार’ म्हणून दारातून माघारी फिरू नका.

उठून चालू लागलेल्या, ‘काही नाही झालं’ म्हणणाऱ्या माणसालाही एकट्याला गाडीवर पाठवू नका. पुढचे दोन दिवस घरच्यांनी बघायचं: डोकेदुखी वाढतेय, दोनदा उलटी झाली, गुंगी येतेय, डोळ्याची एक बाहुली मोठी दिसतेय, झटका आला, यातलं काहीही झालं तर रात्री दोनलाही रुग्णालय गाठायचं. आणि आपटलेलं हेल्मेट पुन्हा वापरायचं नाही. वरून धड दिसलं तरी आतला थर्माकोल एकदा दबला की परत फुगत नाही.

हे सगळं वाचून हाताला येत नाही. रविवारी घरातल्या कुणाला तरी सतरंजीवर झोपवा, पूर्ण तोंडाचं हेल्मेट घाला, स्कार्फसुद्धा बांधा आणि दोघांनी आठ पायऱ्या करा, मग जागा बदला. झोपलेल्याने डोळे मिटून मान पूर्ण सैल सोडायची आणि डोकं कधी निराधार वाटलं ते लगेच सांगायचं. पहिल्या वेळी तो बहुतेक सहाव्या पायरीला ओरडेल. तो एकदाही ओरडत नाही तोवर करत राहा.